आपल्या मोत्याचं चित्र, दुसऱ्या मोत्यांचं औषधपाणी

बंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आतकूरचा शिलालेख ठेवला आहे. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर गावी तो मिळाला. काळ इसवी सन ९४९-५० च्या सुमाराचा, म्हणजे राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या अमदानीतला. तक्कोलमच्या लढाईत मर्दुमकी गाजवणाऱ्या मणलेर नावाच्या सरदारावर गंग राजा बुतुग खूश झाला आणि ‘काय हवं ते माग’ म्हणाला. मणलेराने राजाचं काळी नावाचं शिकारी कुत्रं मागून घेतलं. पुढे एका मोठ्या रानडुकराशी झुंजताना डुक्कर मेलं आणि काळीही गेली. मणलेराने देवळासमोर दगड उभारला, त्यावर ती झुंज कोरून घेतली आणि दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. पूजा न करता जेवणाऱ्या पुजाऱ्याला कुत्र्याचं पाप लागेल, अशी तंबीही त्यात आहे.

रायगडावरचा वाघ्या कुत्रा इतिहासातला की नाटकातला, यावरून आपण अजून भांडतो आहोत. काळीच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही, कारण तिच्या माणसाने त्याच वेळी लिहून ठेवलं. घरातलं जनावर गेल्यावर त्याच्या आठवणीत काही करायचं मनात असेल, तर मणलेराने केलेल्या दोन गोष्टी डोळ्यांपुढे ठेवा. एक, कोण होतं आणि काय घडलं ते नेमकं सांगितलं. दोन, त्या आठवणीच्या पोटी पुढची काही सोय लावली. आपण जमीन देऊ शकत नाही; पण चित्र काढता येतं, ते विकता येतं आणि आलेल्या पैशात रस्त्यावरच्या एखाद्या जनावराचं औषधपाणी होऊ शकतं.

ब्रश हातात घेण्याआधी वही घ्या. घरातल्या प्रत्येकाला विचारा आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवा. कुठला कान मुडपलेला होता? शेपटीला गाठ होती का? कुकरची शिट्टी झाली की पळायची की स्वयंपाकघरात येऊन बसायची? इस्त्रीच्या कपड्यांवर झोपायची की फ्रिजवर? गुलाबी नाकावरचा काळा ठिपका डाव्या बाजूला की उजव्या? या गोष्टी आज सगळ्यांना पाठ असतात. वर्षाने ठिपक्याच्या बाजूवरून घरात दोन मतं पडतात. आजीला जे आठवतं ते मुलांनी पाहिलेलंच नसतं, कारण दुपारी घरात ती दोघंच असायची.

हे सांगण्याचं कारण असं की पाळीव प्राण्यांची बहुतेक स्मृतिचित्रं त्या प्राण्याची नसतात, त्याच्या जातीची असतात. छान लॅब्रॅडॉर, छान पर्शियन मांजर. गळ्यात बो, मागे निळी धूसर पार्श्वभूमी आणि वर दोन पंख. पंख आणि इंद्रधनुष्य मला स्वतःला मुळीच आवडत नाहीत. ज्याने आयुष्यभर चपला चावल्या त्याला देवदूत करून टाकलं की तो ओळखू येईनासा होतो. त्यापेक्षा चावलेली चप्पल काढा.

आता फोटो. चित्र काढायला समोर प्राणी नसला की सगळी भिस्त फोटोवर, आणि तिथेच निम्मं काम बिघडतं. मोबाइल नाकाजवळ नेऊन काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान बारीक दिसतात. त्यावरून हुबेहूब काढलं तरी घरचे म्हणतात, ‘आपला नाही वाटत.’ थोडं लांबून, दुप्पट झूम करून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसून काढलेला फोटो निवडा. फ्लॅशचा फोटो रंगांसाठी कामाचा नाही. कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो. फ्लॅश पडला की तो हिरवा-पिवळा चमकतो आणि डोळ्याचा खरा रंग हरवतो. फोटो दुसऱ्याकडून मागवत असाल तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो आणि मिशा गायब होतात. एकच फोटो पुरत नाही: एक चेहऱ्याचा, एक पूर्ण अंगाचा, एक नेहमीच्या जागेवर बसलेला. अंगावरच्या ठिपक्यांसाठी दोन्ही बाजू लागतात.

काढताना डोळ्यांपासून सुरुवात करा. डोळे जमले नाहीत तर पुढची मेहनत वाया जाते, म्हणून तो निकाल आधीच लागलेला बरा. कुत्र्याची बाहुली गोल असते. मांजराची उजेडात उभी चीर होते आणि अंधारात गोल पसरते. म्हणजे खिडकीत ऊन खात बसलेल्या मांजराला गोल काळेभोर डोळे दिले तर बघणाऱ्याला काहीतरी चुकतंय हे कळतं, काय ते सांगता येत नाही. शेळीची बाहुली आडवी. खिडकीचं प्रतिबिंब म्हणून दिसणारा पांढरा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला येतो. जलरंगात तो कागदाचाच पांढरा सोडायचा असतो, कारण नंतर पांढरा रंग लावून ती चमक येत नाही.

केसांच्या बाबतीत एकच सांगतो: केस मोजू नका, दिशा पाहा. नाकाच्या शेंड्यापासून ते कपाळाकडे वर जातात, गालावरून मागे वळतात, छातीवर दोन बाजूंनी येऊन मधे भोवरा करतात. आधी पेन्सिलीने या दिशांचे बारीक बाण काढा आणि मग रंग लावा. काळं जनावर हे खरं अवघड काम. नळीतला काळा रंग सरळ लावला की कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं. काळ्या मांजराच्या पाठीवर खिडकीचा उजेड पडला की तिथे निळसर राखाडी दिसतं आणि उन्हात त्याच्या कडा तांबूस होतात. गडद निळा आणि गडद तपकिरी मिसळून आपला काळा तयार करा, उजेडाच्या जागा आधी फिक्या धरा आणि शेवटचा गर्द काळा फक्त बाहुली, नाकपुड्या आणि ओठांच्या रेघेसाठी राखून ठेवा. पांढऱ्या जनावराचं उलट: त्याच्या अंगावर पांढरं फार थोडं असतं, बाकी सगळी सावली, फरशी लाल असेल तर पोटाखाली गुलाबी, गवतावर असेल तर हिरवट.

सामानात एका ठिकाणी कंजुषी करू नका, ती म्हणजे कागद. ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद घ्या, पातळ ड्रॉइंगचा कागद पाण्याने फुगतो. सरावाला शाळेच्या पेटीतले रंग चालतात, पण कायम भिंतीवर राहणाऱ्या चित्रासाठी नळीवर टिकाऊपणाची खूण पाहून रंग घ्या. स्केचपेन आणि चमकणारे फ्लुरोसंट रंग उन्हाच्या खोलीत लवकर उडतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बुरशीचं भय मोठं. काच चित्राला चिकटू देऊ नका, मधे माउंटची जागा ठेवा, माउंट आम्लविरहित घ्या आणि ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर फ्रेम लावू नका. मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव, साल आणि वहीतली एक ओळ लिहा.

ज्यांचं जनावर म्हातारं आहे पण अजून घरात आहे, त्यांनी हे सगळं आताच सुरू करावं. १९९० च्या दशकात डेव्हिड हॉकनी या ब्रिटिश चित्रकाराने स्टॅन्ली आणि बूजी या आपल्या दोन डाक्सहुंड कुत्र्यांची चित्रमालिका केली. कुत्री पोझ देत नाहीत, म्हणून त्याने घरात जागोजागी रंग आणि कॅनव्हास तयार ठेवले. कुत्री जिथे लवंडतील तिथे काम सुरू. बऱ्याच चित्रांत ती झोपलेलीच आहेत. आपल्या घरात पलंगाजवळ वही आणि पेन्सिल ठेवली तरी तेवढंच होतं. पाच मिनिटांचं वेडंवाकडं रेखाटन समोरून केलेलं असलं, तर फोटोवरून काढलेल्या गुळगुळीत चित्रापेक्षा त्यात ते जनावर जास्त सापडतं.

जिवंतपणीच घ्यायची दुसरी गोष्ट म्हणजे पंजाचा ठसा, आणि त्याला आपल्याकडची शाडू माती उत्तम. गणपतीच्या आधी ती सहज मिळते. तेव्हाच किलोभर घेऊन ठेवा. कणकेएवढी मऊ मळा, प्लास्टिकच्या कागदावर बोटभर जाडीची थापी करा. पंजा ओल्या फडक्याने पुसा, बोटांमधले लांब केस बाजूला करा आणि जनावर मांडीवर निवांत असताना पंजा सरळ खाली दाबून सरळ वर उचला. तिरका उचलला की कडा फाटतात. माती वाळताना आकसते आणि तडकते, म्हणून ठसा ओला असतानाच त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओता. पाण्यात प्लास्टर हळूहळू भुरभुरायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही. नाहीतर गुठळ्या होतात. दाट ताकाइतकं झालं की ओता, वाडगा हलकेच आपटून बुडबुडे काढा. घट्ट झाल्यावर माती धुऊन टाकली की पंजा उठावात मिळतो.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका: पंजा थेट ओल्या प्लास्टरमध्ये बुडवू नका. प्लास्टर घट्ट होताना तापतं आणि त्वचा भाजू शकते. शाईचा ठसा घ्यायचा तर मुलांसाठीची, पाण्याने धुतली जाणारी शाई घ्या आणि लगेच पंजा धुवा. मांजर तो चाटणारच आहे. तैलरंग, टर्पेंटाइन यांच्या जवळही जनावराला येऊ देऊ नका. आणि जनावर आजाराने व्याकूळ असेल तर ठसा नको. गेल्यानंतरही घेता येतो, तेवढं धैर्य घरात कोणाला असेल तर.

दुसऱ्याच्या घरचं जनावर गेलं म्हणून चित्र काढून अचानक भेट देणं मला पटत नाही. काहींना ते लगेच हवं असतं, काहींना महिनोन्‌महिने फोटोकडेही बघवत नाही. सरळ विचारा, ‘ताई, ब्राउनीचं चित्र काढू का? कधी देऊ?’ मुलं चित्र काढत असतील तर त्यांना त्यांच्या मनासारखं काढू द्या. मुलाने मांजरीला हिरवं काढलं म्हणून दुरुस्त करत बसू नये.

आता मणलेराच्या दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे सोयीकडे वळू. चित्रकलेने चांगलं काम उभं करण्याच्या जुन्या उदाहरणांत मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो अठराव्या शतकातला लंडनचा विल्यम हॉगार्थ. त्याचा ट्रम्प नावाचा पग होता आणि १७४५ च्या आत्मचित्रात हॉगार्थने त्याला स्वतःच्या पुढ्यात, अगदी बरोबरीच्या थाटात बसवलं. याच हॉगार्थने टाकून दिलेल्या मुलांसाठीच्या फाउंडलिंग हॉस्पिटलला चित्रं दिली आणि आपल्या चित्रकार मित्रांनाही द्यायला लावली. चित्रं बघायला पैसेवाले लोक येऊ लागले आणि आले की देणग्याही देऊ लागले. ‘फिंचलीकडे कूच’ या मोठ्या चित्राची त्याने १७५० मध्ये सोडत काढली. खपली नाहीत ती तिकिटं हॉस्पिटलला देऊन टाकली आणि सोडत हॉस्पिटललाच लागली. पुढच्या वर्षी त्याने ‘क्रौर्याच्या चार पायऱ्या’ हा छापचित्रांचा संच काढला. पहिल्याच चित्रात रस्त्यावरची पोरं कुत्र्यामांजरांचे हाल करताना दिसतात. हा संच त्याने मुद्दाम साध्या, ठसठशीत रेषांत केला, कारण तो स्वस्तात छापून गरिबांच्या वस्तीत पोचायला हवा होता. कुठलं काम कोणासाठी, हे त्याला पक्कं कळत होतं: श्रीमंतांना दिवाणखान्यातलं तैलचित्र, रस्त्याला छापचित्र.

तुम्हीही आधी तेवढं ठरवा. संस्था निवडताना ‘प्राण्यांसाठी’ असं मोघम नको. मुंबईत पशुक्रूरता प्रतिबंधासाठी १८७४ मध्ये सुरू झालेली संस्था आहे. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय तीच चालवते. भटक्या कुत्र्यांसाठी काम करणारी ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ आहे, पुण्यात ‘रेस्क्यू’ आहे, आणि जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी दोन-चार माणसं आपल्या खिशातून हे करत असतात. प्रत्यक्ष जा आणि विचारा, सध्या कशाला पैसे कमी पडताहेत? नसबंदी, रेबीजची लस, अपंग कुत्र्याची गाडी, रात्रीच्या अपघातासाठी वाहन, की पिंजऱ्यांचं छत? उत्तर नेमकं मिळालं की चित्राखालची ओळही नेमकी होते. ‘या चित्राच्या विक्रीतून अमुक आश्रयस्थानातल्या कुत्र्यांना लस दिली जाईल’ असं लिहिलं की लोक पाकीट काढतात. ‘विक्रीचा काही भाग सत्कार्यासाठी’ वाचून कोणी काढत नाही, आणि काढूही नये.

पैशाशिवायही चित्राचा उपयोग आहे. आश्रयस्थानातली काळी आणि ब्रिंडल (पट्टेरी) देशी कुत्री मोबाइलवर नुसती काळी ढेप दिसतात, त्यामुळे दत्तक घेणाऱ्यांची नजर त्यांच्यावर ठरत नाही. अशांची साधी, पण डोळे नीट दिसणारी रेखाटनं करून द्या. सोबत एक ओळ: ‘झाडू बघितला की पळतो, लहान मुलांत रमतो.’ आपल्या मोत्यासाठी वही भरताना हाताला लागलेली सवय इथे कामी येते.

विकण्याच्या वस्तूंत मूळ चित्र सगळ्यांत कमी विकलं जातं. पोस्टकार्ड, बुकमार्क आणि लिनोकटची छोटी छापचित्रं जास्त खपतात. कॅलेंडरचा मोह सगळ्यांना होतो, तर त्याबद्दल दोन शब्द. भिंतीवरचं कॅलेंडर करू नका. मराठी स्वयंपाकघरातल्या त्या खिळ्यावर १९७३ पासून ‘कालनिर्णय’ लटकलेलं आहे आणि तिथी, एकादशी, दुधाचा हिशोब यांच्याशी तुमच्या मांजराची स्पर्धा नाही. टेबलावरचं करा, ते ऑफिसात जातं. सप्टेंबरात चित्रं तयार हवीत, दिवाळीआधी प्रती हातात हव्यात. भेटी देणाऱ्यांची खरेदी तेव्हाच होते. मकरसंक्रांतीनंतर कॅलेंडर कोणी घेत नाही.

हिशोब आधी कागदावर मांडा. समजा एका प्रतीला छपाई ९० रुपये आणि किंमत २५० रुपये. शंभर प्रतींना ९,००० रुपये लागले, म्हणजे ३६ प्रती विकल्या की खर्च निघाला आणि सदतिसाव्या प्रतीपासून पैसे संस्थेचे. छापखानेवाला म्हणेल, ‘तीनशे घ्या, प्रत स्वस्त पडेल.’ प्रत स्वस्त पडते हे खरं, पण दोनशे कॅलेंडरं पलंगाखाली पडून राहिली तर तो स्वस्तपणा कुत्र्यांच्या पोटात जात नाही. आगाऊ नोंदणी घ्या आणि तेवढीच छापा.

कायद्याचे दोन-तीन मुद्दे कंटाळवाणे आहेत, पण नंतरच्या कटकटीपेक्षा बरे. इंटरनेटवरून उचललेल्या फोटोवरून चित्र काढून विकू नका. फोटोचा हक्क काढणाऱ्याचा असतो, त्याची परवानगी लागते. पैसे घेऊन कोणाच्या कुत्र्याचं चित्र काढलंत तर वेगळीच गंमत आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या अशा चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे तेच चित्र तुम्हाला कॅलेंडरमध्ये छापायचं असेल तर ऑर्डर घेतानाच दोन ओळींचं लेखी संमतिपत्र घ्या.

दुसरं, पैसे गोळा करणं. आपलं चित्र विकून त्यातून स्वतः देणगी देणं वेगळं आणि लोकांपुढे डबा फिरवणं वेगळं. सार्वजनिक वर्गणीला गणेशोत्सव मंडळं विश्वस्त कायद्यातल्या कलम ‘४१ क’ची जी परवानगी धर्मादाय आयुक्तांकडून काढतात, तोच कायदा इथेही लागू होतो. त्यामुळे वर्गणीच्या वाटेला जाऊ नका. नोंदणीकृत संस्थेला सोबत घ्या, क्यूआर कोड त्यांच्याच खात्याचा ठेवा आणि पावती त्यांनाच देऊ द्या. तिसरं, चित्राच्या बदल्यात दिलेले पैसे ही किंमत झाली, देणगी नव्हे. ग्राहकाला तेवढ्यावर करसवलतीचं आमिष दाखवू नका. सवलत हवी असेल तर त्याने संस्थेला वेगळी देणगी द्यावी, आणि तीही २,००० रुपयांच्या वर असेल तर रोखीने नाही.

प्रदर्शनासाठी मोठ्या दालनाच्या मागे लागू नका. मुंबईच्या जहांगीर कलादालनाची प्रतीक्षायादी लांबलचक असते आणि तिथे येणारा माणूस वेगळा. पशुवैद्याच्या दवाखान्यातला बाक, सोसायटीचा क्लबहाउस, दिवाळीतला ग्राहक पेठेचा स्टॉल इथे जनावरं पाळणारी माणसं आपसूक भेटतात. दवाखान्यात डॉक्टरांची परवानगी घेऊन एक छोटा स्टँड ठेवा. तिथे माणसं ताटकळलेली असतात आणि मांडीवर जनावर असतं. तेव्हा कार्ड हातात घेऊन उलटून वाचलं जातं. मागे तुमच्या मांजरीची वहीतली ओळ असू द्या, ‘फ्रिजवरून खाली उतरायला हिला बोलवावं लागायचं’ अशी. लोक मग आपल्याकडच्या मांजरीचं सांगायला लागतात, आणि त्यातूनच पुढची ऑर्डर येते.

विक्री संपली की आठवड्याभरात हिशोब जाहीर करा: किती छापल्या, किती विकल्या, खर्च किती, संस्थेला किती आणि पावतीचा फोटो. रक्कम लहान असली तरी लाजू नका. पुढच्या वर्षी हीच माणसं परत घेणार आहेत. आणि कॅलेंडरं उरलीच, तर महिन्यांचा भाग कापून टाकून चित्रांची भेटकार्डं करा, नाहीतर पाकिटं चिकटवा. राखीपौर्णिमेला आणि भाऊबीजेला ओवाळणीची पाकिटं लागतातच, दहा-दहाचा गठ्ठा सहज जातो.